झेंडू खाणारी पिल्ले

तक्रार नोंदवते ती अशी. सोमवार, दिनांक १४ ऑक्टोबर २००२, खंडेनवमी. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, जिन्याखालच्या खोलीचे कुलूप उघडण्यात आले. त्या खोलीत काम करणारे अधिव्याख्याते धम्मपाल शिरढोणकर त्या दिवशी रीतसर रजेवर होते. दारावर "आत कोणताही वास नेऊ नये" असा फलक होता. तरीही आत कापूर जाळण्यात आला, उदबत्त्या लावण्यात आल्या, तराजूला हळदकुंकू वाहण्यात आले आणि कोंबडीच्या पिल्लांच्या पिंजऱ्यांना झेंडूचे हार घालण्यात आले. पुढल्या वर्षी विभागाच्या अहवालात एक वाक्य छापून आले : "पिल्लांची योग्य निगा न राखली गेल्याने श्री. शिरढोणकर यांचे संशोधन अपूर्ण राहिले." हे वाक्य खोटे आहे. माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे, पूजेविरुद्ध नाही. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून ठेवते, कारण गेली सहा वर्षे, आधी त्यांचे आणि मग माझे, अर्ज वाचणारे लोक दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचलेलेच नाहीत.

मी त्यांची पत्नी. एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. धम्मपाल यांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्याविषयी कोणी काही लिहील अशी आशा मी सोडली आहे, म्हणून हे मीच लिहिते आहे.

त्यांचा जन्म कुरुंदवाडचा. घराण्याने धम्मदीक्षा घेतल्यानंतर जन्मलेले ते पहिले मूल, म्हणून नाव धम्मपाल. प्राथमिक शाळेतले गुरुजी मात्र हजेरी घेताना त्यांना अखेरपर्यंत 'धर्मा' म्हणत. मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम त्यांच्या गल्लीने त्यांच्या जन्माआधीच बंद केले होते. अंगणे सारवलेली, दारात तुळशीऐवजी शेवंती, आणि संक्रांत असो वा नसो, माझ्या सासूबाईंच्या चुलीवर चटणीचे तीळ भाजल्याचा खमंग दरवळ. मी लग्न होऊन तेथे गेले तेव्हा त्या गल्लीला दुसरा कोणताही वास नव्हता. तरीही नदीकडे जाणाऱ्या बायका गल्लीच्या तोंडाशी आल्या की नाकाला पदर लावत, आणि त्यांच्याबरोबरच्या लहान मुली आईकडे पाहून फ्रॉकची बाही नाकाशी नेत. हे मी स्वतः पाहिले आहे. धम्मपाल यांनी ते किती वेळा पाहिले असेल, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

त्यांच्या अभ्यासाचा विषय कीटकांचा वास हा होता. कोणी या दोन गोष्टींची सांगड घातली की ते चिडत. एकदा चर्चासत्रात एका पाहुण्या प्राध्यापकांनी मोठ्या सहानुभूतीने तशी सांगड घातली, तेव्हा धम्मपाल यांनी उभे राहून शांतपणे उत्तर दिले, "कीटकाचा वास कीटकाच्या अंगात असतो, सर. आमच्या गल्लीचा वास लोकांच्या नाकात होता. माझा विषय पहिला आहे." आणि ते खाली बसले.

तो विषय त्यांनी मला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून समजावला होता, तसाच येथे सांगते. रुईच्या झुडपावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा एक नाकतोडा राहतो. रुईचा विषारी चीक तो आपल्या अंगात साठवतो. त्याला धरले की तो कडू, फेसाळ द्रव सोडतो आणि एक उग्र दर्प सुटतो. पक्ष्याने त्याला एकदा तोंडात घेतले तर पक्षी थुंकेल, पुन्हा त्याच्या वाटेला जाणार नाही. पण तोवर तो नाकतोडा चोचीने फुटलेला असतो. म्हणून चोच लागल्यावर सांगून उपयोग नाही, आधी सांगावे लागते. रंग ते काम करतो, पण पिवळे तर फूलही असते, पिकलेले फळही असते. रंगाच्या जोडीला वास आला, की पक्ष्याला ते इशाऱ्यासारखे कळते. चित्रविचित्र ठिपक्यांचे ढालकिडे, काही ढेकूण, काही फुलपाखरे अशाच वासाने आपला जीव राखतात. प्रश्न एवढाच की पक्ष्याला हे कोण शिकवते? अनुभव शिकवतो, की तो हे जन्मतःच घेऊन येतो?

काही वास आले की न शिकलेले पिल्लूही पिवळा दाणा टाळते, असे परदेशातल्या अभ्यासकांनी प्रयोग करून दाखवले होते. आपल्या रुईवरच्या, पन्हाळ्याच्या उतारावरच्या नाकतोड्याच्या वासाने तसेच घडते का, हे कोणी पाहिले नव्हते. धम्मपाल यांना ते पाहायचे होते. त्यासाठी अजाण पिल्ले हवी होती : ज्यांनी आयुष्यात पिवळे काही पाहिलेले नाही आणि उग्र वास घेतलेला नाही, अशी.

अजाण पिल्लू तयार करणे हे किती कठीण काम आहे, याची कल्पना विभागात कोणाला नव्हती. बाजारात मिळणारी पिल्ले स्वतःच पिवळी असतात. ती एकमेकांना पाहूनच पिवळ्याला सरावतात. म्हणून धम्मपाल कोडोलीतून काळ्या गावठी कोंबड्यांची अंडी आणून खोलीतल्या यंत्रात उबवत. खोलीतला पिवळा दिवा काढून पांढरी नळी लावली होती. आमच्या घरात साबण, खोबरेल आणि उदबत्ती बंद. त्यांच्या कपड्यांना फोडणीचा वास लागू नये म्हणून कांदा-लसणाचा मसाला आणि हळदही बंद. सासूबाई पारूबाई तेव्हा आमच्याकडेच राहत. त्यांनी पहिल्याच जेवणाला ताट पुढे ढकलले.

"कोंबडीच्या पोरास्नी वास नगो म्हणून आमी अळणी गिळायचं व्हय रं धम्मा? बारसंबी घाल की त्यांचं."

"थोडे दिवस, आई. मग तुझा तांबडा रस्सा पिल्लांसमोर बसून खाऊ."

"समोर बसून कशापायी? पिल्लंच रश्शात घालू की."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी मोजक्या पिल्लांवर एक पूर्वचाचणी केली. मी त्या दिवशी खोलीच्या कोपऱ्यात बिनतेलाच्या केसांनी उभी होते. पिल्लापुढे तांदळाच्या कण्या होत्या, काही साध्या, काही खाण्याच्या रंगाने पिवळ्या केलेल्या. शेजारी कोरा टीपकागद ठेवला तेव्हा पिल्लाने दोन्ही कण्या सारख्याच टिपल्या. मग धम्मपाल यांनी नाकतोड्याचा द्रव टिपलेला कागद ठेवला. दुसरे पिल्लू पुढे आले, मान लांब केली, पिवळ्या कण्यांवर चोच नेली आणि तशीच थांबवली. मग ते दोन पावले मागे सरले आणि साध्या कण्यांकडे वळले. त्याला कोणीही काहीही शिकवले नव्हते. मी धम्मपाल यांच्याकडे पाहिले. लग्नाच्या दिवशीही त्यांचा चेहरा इतका उजळ नव्हता, असे मी त्यांना घरी येताना म्हटले, आणि ते रंकाळ्यापर्यंत हसत होते.

पण एवढी पिल्ले परीक्षकांना पुरेशी नव्हती. पीएच.डी.च्या नोंदणीला मिळालेली शेवटची मुदतवाढ मार्चपर्यंत होती. पावसानंतरचे काही आठवडेच हे नाकतोडे भरपूर मिळतात. म्हणजे ऑक्टोबरमधला मोठा प्रयोग हा शेवटचाच होता. तो साधला तर प्रबंध पूर्ण होणार होता. नाही तर दहा वर्षांचे काम कोणाच्याही नावावर लागणार नव्हते.

विभागप्रमुख आणि त्यांचे मार्गदर्शक एकच होते, विजयसिंह सर. सप्टेंबरच्या बैठकीत धम्मपाल यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की खंडेनवमीला यंदा जिन्याखालच्या खोलीत पूजा नको. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारे-अवजारे पुजतात. विभागात सूक्ष्मदर्शक, तराजू, काचेची भांडी पुजतात. आधीची सगळी वर्षे धम्मपाल मुख्य प्रयोगशाळेतल्या त्या पूजेला हात न जोडता, पण शेवटपर्यंत उभे राहत आणि पेढा घेत. याविषयी ना त्यांनी कधी काही म्हटले, ना कोणी त्यांना. त्या बैठकीत मात्र विजयसिंह सर हसून म्हणाले, "बरोबर हाय तुमचं, शिरढोणकर. तुमच्याकडं चालत न्हाय ते."

"माझ्याकडचा प्रश्न नाही, सर. पिल्लांकडचा आहे."

"म्हणजे पिल्लांनीबी दीक्षा घेतली म्हणा की."

सगळे हसले. धम्मपालही हसले, असे त्यांनी मला सांगितले. मी हसले नाही. आपले म्हणणे ऐकले गेले, असे त्यांना वाटले. ते ऐकले गेले नव्हते. लोकांनी त्यातून आपल्याला हवे ते घेतले होते.

चौदा ऑक्टोबर हा धम्मदीक्षेचा दिवस. त्या वर्षी तो खंडेनवमीलाच आला. सासूबाईंना गावच्या विहारातल्या कार्यक्रमाला जायचे होते. त्यांच्या नवऱ्याने दीक्षा घेतली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या, आणि तो दिवस त्यांनी कधी चुकवला नव्हता. पिल्ले उबून बाहेर आली होती, प्रयोग दसऱ्यानंतर होता. धम्मपाल यांनी खोलीची किल्ली केरबांकडे दिली. केरबा हे विभागातले जुने परिचर. पिल्लांसाठी त्यांनी तंबाखू सोडली होती, आणि तंबाखू सोडलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दुपारी आम्ही एस.टी.ने परतलो. सासूबाईंना घरी सोडून धम्मपाल थेट महाविद्यालयात निघाले. मीही बरोबर होते. जिन्याखालचे दार बंदच होते. ते दारापासून चार हातांवर थांबले आणि पुढे जाईनात. मग मलाही तो वास आला.

आत कापराची काजळी होती. तराजूवर हळद होती. पिंजऱ्यांना घातलेल्या हारांची फुले पिल्लांनी गजांमधून आत ओढली होती आणि सगळा तळ पिवळाधमक झाला होता. काळी काळी पिल्ले त्या पाकळ्यांत उभी राहून त्या आनंदाने खात होती. झेंडू त्यांना बाधत नाही. जे पिवळे आणि उग्र वासाचे ते उत्तम खाद्य, हे त्यांना एका दिवसात पक्के शिकवले गेले होते.

केरबा दाणे घेऊन आले, धम्मपाल यांना पाहून त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी खिशातून आपट्याची पाने काढली. धम्मपाल यांनी त्यांना फक्त विचारले की हे कोणी केले. केरबा काही लपवत नव्हते, लपवण्यासारखे काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "हेडसायेब म्हणाले, त्यांची खोली तेवढी वगळली असं दिसाय नगो. आन् मलाबी वाटलं, औंदा तुमचा प्रबंध पुरा व्हायचा, हत्यारं पुजल्याबिगर कसं चालंल? हार मीच घातलं, सर. तुमच्याच बऱ्यासाठी की."

"केरबा, दारावर लिहिलं होतं."

"ते भाइरच्यांसाठी न्हवं व्हय? मी घरचा की."

 धम्मपाल यांनी पुढे होऊन केरबांच्या हातातले सोने घेतले आणि खिशात ठेवले. नंतर तेथल्या बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. केरबांना चूक कळली ती त्या बसण्यावरून. ते पिंजऱ्यातून एकेक पाकळी वेचू लागले, तेव्हा धम्मपाल यांनी त्यांना थांबवले. आता वेचून उपयोग नव्हता.

तरीही ठरल्या दिवशी त्यांनी प्रयोग केला. नाकतोड्याचा वास असलेला कागद ठेवला आणि पिल्ले पिवळ्या कण्यांवर तुटून पडली. ऑगस्टमधले ते थांबणे, ते मागे सरणे, काही उरले नव्हते. घरी येऊन ते मला म्हणाले, "शिकवलं की जातं बघ. जन्मानं आलेलंसुद्धा."  गल्लीच्या तोंडाशी बाही नाकाला लावणाऱ्या त्या लहान मुली मला आठवल्या. त्यांनाही त्या आठवल्या असाव्यात, कारण आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहण्याचे टाळत होतो.

त्यांनी घडले ते तसेच प्रबंधात मांडायचे ठरवले. ऑगस्टमधली पिल्ले अशी वागली. ऑक्टोबरमधली, झेंडू खाल्लेली, तशी वागली. या फरकातही एक शास्त्रीय निष्कर्ष आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. त्यासाठी एक वाक्य आवश्यक होते : खंडेनवमीच्या पूजेत पिल्लांचा झेंडूशी संपर्क आला. विजयसिंह सरांनी प्रकरण वाचले आणि त्या वाक्याशी थांबले. ते त्यांना केबिनमध्ये काय म्हणाले, ते धम्मपाल यांनी मला त्याच संध्याकाळी शब्दशः सांगितले.

"आजार लिहा. पिल्लं आजारी पडतातच की."

"आजारी नव्हती, सर."

"तुमच्या नावाखाली पूजा हा शब्द आला की लोक काय वाचतील, ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे काय?"

"लोक काय वाचतील त्यावरून पिल्लांनी काय खाल्लं ते बदलत नाही."

विजयसिंह सरांची भीती खोटी नव्हती. तेवढा न्याय मी त्यांना देते. ते वाक्य छापले गेले असते तर बौद्ध प्राध्यापकाने पूजेला दोष दिला एवढेच गावभर झाले असते. पण त्या भीतीची किंमत कोणी चुकवायची हे ठरवताना त्यांनी स्वतःकडे पाहिले नाही. प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही मिळाली नाही. मार्च उलटला, नोंदणी संपली आणि अहवालात ते वाक्य आले. विभागातल्या प्रत्येकाला खरे ठाऊक होते. त्या खोलीत पेढे वाटले गेले होते आणि ते सर्वांनी खाल्ले होते. त्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. धम्मपाल यांनी लेखी हरकत घेतली. तिला उत्तर आले नाही.

पिल्ले आम्ही घरी आणली. सासूबाईंनी मागच्या अंगणात त्यांना खुराडे बांधले. त्यांतले एकही त्यांनी रश्शात घालू दिले नाही. कोणी पाहुण्याने गमतीने तसे सुचवले तर "शिकलेली हायत ती, कापायची न्हाईत," असे म्हणून त्या विषय संपवत. दरवर्षी दसऱ्यानंतर शेजारी आपापल्या दारावरची वाळलेली तोरणे मागच्या गल्लीत टाकत, आणि आमच्या काळ्या कोंबड्या पंख पसरून त्या झेंडूकडे धावत. धम्मपाल पहिल्या वर्षी ते पाहायला उभे राहिले. पुढच्या वर्षीपासून ते त्या दिवसांत मागचे दार उघडत नसत.

त्यांनी शिकवणे सोडले नाही. रुई सोडली. सहलीला मुले पन्हाळ्याच्या उतारावर एखादा रंगीत नाकतोडा धरून त्यांच्याकडे आणत, तेव्हा ते त्याचे नाव सांगत आणि सोडून द्यायला सांगत, एवढेच. फेब्रुवारी २००७ मध्ये ते हृदयविकाराने गेले. ते त्या वाक्यामुळे गेले असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नाही, आणि पुराव्यावाचून लिहू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

शोकसभेत त्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली होती. विजयसिंह सर चांगले बोलले. धम्मपाल मनमिळाऊ होते, विद्यार्थिप्रिय होते, मात्र दुर्दैवाने त्यांचे संशोधन अपूर्ण राहिले, असे ते म्हणाले. 'दुर्दैव' हा शब्द ऐकताना श्रोत्यांत बसलेले केरबा खाली मान घालून रडत होते. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि त्या मागच्या अंगणात निघून गेल्या. केरबांनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने लिहून दिले की पिल्ले धडधाकट होती आणि हार आपण घातले. तो कागद मी महाविद्यालयात नेला. निवृत्त परिचराच्या एकट्याच्या म्हणण्यावरून छापील अहवाल बदलता येत नाही, असे मला सांगण्यात आले. इतर कोणी सांगणारे असेल तर विचार करू, असेही सांगितले. केरबा गेल्या पावसाळ्यात वारले.

म्हणून हे तुमच्यासाठी आहे. त्या दिवशी त्या खोलीत जे होते त्यांच्यासाठी. तुमच्यातले काही आज विभाग चालवतात, काही निवृत्त झाले आहेत, एक-दोघे तेव्हा विद्यार्थी होते आणि आता स्वतः शिकवतात. हे तुमच्या हाती पडेल, कारण ते पडेल अशाच ठिकाणी मी ते देत आहे. तुम्ही आरती केली, पेढा खाल्ला, पिंजऱ्यातली पिल्ले पाहिली. ती आजारी नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. मला क्षमा नको. पूजेबद्दल एक शब्दही नको. एका कागदावर लिहा : "पिल्ले निरोगी होती. त्यांच्या पिंजऱ्यांना आम्ही हार घातले." खाली तुमचे पूर्ण नाव लिहा, सही करा आणि तो कागद विभागाकडे पाठवा. अहवालातले ते वाक्य काढून टाकायला लावा.